परदेशवारीचा कॅमेरा आधी बेळगावात पारखून घ्या

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी शेजारच्या वैनी अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, डिसेंबरात लेकीकडं जर्मनीला जातो बघा. कॅमेरा कुठला घेऊ सांगा की." (आमच्या सीमाभागात बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात.)

पंचवीस वर्षं मी या भागातली लग्नं, बारशी, साखरपुडे टिपले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाचा मुलगा दुबईला असतो, कुणाची सून अमेरिकेत, कुणी मंडळाबरोबर युरोपची सहल ठरवलेली असते. सगळ्यांना एका वाक्यात कंपनीचं आणि मॉडेलचं नाव हवं असतं. मी ते लगेच सांगत नाही. वैनींनाही आधी एवढंच विचारलं, "परत आल्यावर भिंतीवर कुठला फोटो लावणार?"

"नातवाचा," त्या क्षणात म्हणाल्या. "रांगायला लागलाय."

निम्मा कॅमेरा तिथेच ठरला. वैनींची लेक कोलोनला राहते. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. म्हणजे बहुतेक फोटो घरात, दिव्याच्या उजेडात काढायचे, आणि तेही एका जागी घटकाभर न थांबणाऱ्या मुलाचे. डोंगर, पूल, राजवाडे नंतर. याच वैनी राजस्थानच्या उन्हात किल्ले बघायला निघाल्या असत्या तर मी त्यांना हातातल्या फोनवरच भागवायला सांगितलं असतं.

कॅमेरा निवडताना कानावर पडणारे अवघड शब्द चार-पाचच आहेत. ते समजले की दुकानदार काय सांगतोय आणि काय सांगत नाही, दोन्ही कळतं. आणि त्यातला प्रत्येक शब्द बेळगावात पायी फिरून तपासता येतो.

गुंठ्यांचा हिशेब

पहिला शब्द सेन्सर. पूर्वी कॅमेऱ्यात जिथे रोल असायचा, तिथे आता उजेड झेलणारी एक चकचकीत चकती बसवलेली असते, तो सेन्सर. तो किती मोठा, यावर बरंच काही ठरतं, आणि कॅमेऱ्याच्या खोक्यावर तेच सगळ्यांत बारीक अक्षरात छापलेलं असतं.

साध्या, स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याला आपण एक गुंठा रान म्हणू. ज्याला 'एक इंची सेन्सर' म्हणतात तो पट्टीनं मोजला तर इंचभर भरत नाही, १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो. आपल्या मापानं चार गुंठे. 'मायक्रो फोर थर्ड्स' प्रकारचा आठ गुंठे. 'एपीएस-सी' साधारण तेरा गुंठे, कॅननचा थोडा कमी. आणि जुन्या रोलच्या चौकटीएवढा, ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा 'फुल फ्रेम' एकतीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर आणि वर गुंठाभर. नव्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला दोन-अडीच गुंठे मिळतात; पण त्याच फोनमधला लांबचं जवळ दाखवणारा कॅमेरा बहुधा गुंठाभर रानातच भागवत असतो.

आता पाऊस पडला असं समजा. तो सगळ्यांच्या रानावर सारखाच पडतो, पण ज्याचं रान मोठं त्याच्याकडे पाणी जास्त जमतं. उजेडाचंही तसंच. भर दुपारचं ऊन म्हणजे खानापूरकडचा आषाढातला पाऊस; गुंठाभर रानसुद्धा तुडुंब भरतं. म्हणून दुपारी राजहंसगडावर उभं राहून येळ्ळूरच्या शिवाराचा फोटो फोनवर आणि भारी कॅमेऱ्यावर काढला, तर मोबाइलच्या पडद्यावर त्यातला फरक सांगणं कठीण जातं. पाऊस ओसरला, म्हणजे दिवस मावळला, की लहान रानाची ओढाताण सुरू होते. फोटोत वाळू भुरभुरल्यासारखे दाणे येतात, चेहऱ्याचा रंग मातकट होतो.

मेगापिक्सेल म्हणजे या रानात पाडलेले वाफे. गुंठाभरात पाच कोटी वाफे पाडले म्हणून पाणी वाढत नाही, प्रत्येक वाफ्याच्या वाट्याला थेंब येतो. बारा बाय आठ इंचांचा फोटो छापायला इंचाला ३०० ठिपके धरले, तर ३६०० गुणिले २४०० म्हणजे साधारण ८.६ मेगापिक्सेल लागतात. भिंतीवरच्या फोटोसाठी एवढंच! २० ते २४ मेगापिक्सेलमध्ये थोडा भाग कापून घ्यायलाही भरपूर वाव राहतो. पन्नास, शंभर, दोनशे हे आकडे ऐकून कुणी जास्त पैसे मोजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

दीड किलो ज्वारी

मग एकतीस गुंठेच का घेऊ नयेत? कारण मोठ्या रानाला पाटही मोठा लागतो. सेन्सर मोठा झाला की त्यावर उजेड पसरणारी लेन्स मोठी आणि जड होते. फुल फ्रेम कॅमेरा आणि त्यावरची चांगली २४-७० झूम लेन्स मिळून वजन दीड किलोच्या आसपास जातं. एपीएस-सी प्रकारचा कॅनन आर-५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅमचा आहे, त्याच्याबरोबर मिळणारी छोटी लेन्स १३० ग्रॅमची. म्हणजे अर्धा किलो. एक इंची सेन्सरचा सोनी आरएक्स-१०० मार्क सात ३०२ ग्रॅममध्ये लेन्ससकट येतो आणि स्वेटरच्या खिशात मावतो.

कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. म्हणून मी प्रत्येकाला एक काम सांगतो. दीड किलो ज्वारी कापडी पिशवीत घट्ट बांधा, ती गळ्यात अडकवा आणि शहापुरातून निघा. कपिलेश्वरावरून खडेबाजार, तिथून गणपत गल्ली आणि पुढे किल्ल्यापर्यंत चाला. वाटेत भाजी घ्या, चहा प्या, वाकून चपलेचा पट्टा लावा. मग तसेच परत या. परदेशात सहलीच्या दिवशी याच्या दुप्पट चालणं होतं आणि ते आठ-दहा दिवस रोज असतं. ज्याला ज्वारी जड झाली नाही त्यानं खुशाल फुल फ्रेम घ्यावा.

मी स्वतः पहिल्यांदा युरोपला गेलो तेव्हा हौसेनं मोठा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा, आणि तीन लेन्सा नेल्या होत्या. लग्नाच्या मांडवात तो संच माझ्या हाताखालचा होता. सामान उचलायला मुलगा असे. तिथे कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून बॅग बसमध्येच राहू लागली आणि त्या सहलीतले माझे सगळ्यांत जिवंत फोटो बायकोच्या फोनमध्ये आहेत. एका गावच्या आठवडी बाजारात म्हातारी फुलवाली तिला हातानं बोलावून गुच्छ दाखवतेय, असा एक आहे. त्या क्षणी माझा कॅमेरा तीन गल्ल्या पलीकडे, बंद बसमध्ये होता. आजही ते मनाला लागतं.

पाटाचं दार आणि कमल बसदीतलं कमळ

दुसरा शब्द ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र. रानाला पाणी देणाऱ्या पाटाचं दार किती उघडतं, तेवढाच याचा अर्थ. लेन्सवर एफ/१.८, एफ/२.८, एफ/५.६ असे आकडे असतात आणि ते उलटे चालतात: आकडा लहान, दार मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या ओळीत एक पायरी खाली उतरलं की उजेड निम्मा होतो. म्हणजे एफ/२.८ची लेन्स एफ/५.६पेक्षा चौपट उजेड आत घेते.

चौपट म्हणजे हातात काय येतं? एखाद्या खोलीत एफ/२.८ला सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो मिळत असेल, तर एफ/५.६ला सेकंदाचा पंचविसावा भाग लागेल. शंभराव्या भागात हळू रांगणारं मूल बऱ्यापैकी स्पष्ट येतं. पंचविसाव्या भागात त्याचा चेहरा पुसल्यासारखा येतो. इथे दुकानात हमखास एक वाक्य ऐकू येतं: "यात स्टॅबिलायझेशन आहे, हलणार नाही." स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. मूर्ती, खांब, इमारत यांच्यासाठी ते फार मोलाचं. पण समोरचं मूल हललं तर त्याला ते थांबवू शकत नाही. त्यासाठी उजेडच लागतो, नाहीतर आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ वाढवणं म्हणजे आलेल्या उजेडाचा आवाज चढवणं. आवाजाबरोबर खरखरही चढते, आणि ती गुंठाभर रानात लवकर ऐकू येते.

हे वाचून समजण्यापेक्षा एकदा किल्ल्यातल्या कमल बसदीत जाऊन बघा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. मंडपात वर पाहिलं की छताला दगडातलं ७२ पाकळ्यांचं कमळ लोंबताना दिसतं. आत उजेड बेताचा, दगड गडद. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये साधारण अशीच स्थिती असते. तिथल्या माणसाला विचारून, फ्लॅश बंद ठेवून त्या कमळाचा फोटो घ्या. नंतर तो मोठा करून पाकळ्यांच्या कडा बघा. कडा सुटी-सुटी दिसली तर तुमचा कॅमेरा चर्चमध्ये चालेल. पाकळ्या एकमेकींत विरघळल्या असतील तर मोठ्या दाराची लेन्स लागेल.

हलणाऱ्या माणसांची परीक्षा मात्र बसदीत होत नाही. तिला अनंत चतुर्दशीची रात्र हवी. कपिलेश्वर तलावाकडे सरकणारी मिरवणूक, वर रंगीत दिवे, खाली ढोल. टिपरू मारणाऱ्या पोराचा हात आणि चेहरा दोन्ही ज्या कॅमेऱ्यात सापडतात, त्याला न्यूयॉर्कचा चौक किंवा बँकॉकचा रात्रीचा बाजार जड जाणार नाही. फोन इथे बहुतेक वेळा हरतो. कारण फोन अंधारात लागोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकावर एक रचतो. समोरचं स्थिर असलं की ही युक्ती अफलातून चालते. माणूस हलला की सगळी रचना विस्कटते.

मागे सरायला जागा नसते

तिसरी गोष्ट फोकल लेन्थ, म्हणजे लेन्स किती रुंद बघते किंवा किती लांबचं ओढून आणते. लोकांचा सगळा जीव 'झूम किती एक्स' यात अडकलेला असतो. माझा अनुभव उलटा आहे. शहरात फिरताना लांबचं ओढायची गरज कमी वेळा पडते, रुंद बघायची रोज पडते. कोलोनच्या कॅथेड्रलचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. त्याच्या दारासमोर उभं राहिलं की मागे सरायला जागा संपते आणि मनोऱ्याचं टोक चौकटीबाहेर राहतं. खडेबाजारात समोरासमोरच्या दोन दुकानांच्या पाट्या एका फोटोत घ्यायचा प्रयत्न करा, अडचण लगेच कळेल.

त्यासाठी फुल फ्रेमच्या हिशेबानं २४ मिलिमीटरपासून सुरू होणारी लेन्स बघा. इथे एक बारकावा आहे. एपीएस-सी कॅमेऱ्याच्या लेन्सवरचा आकडा दीडनं (कॅननला १.६नं) आणि मायक्रो फोर थर्ड्सचा दोननं गुणावा लागतो. म्हणून एपीएस-सीवर १६ लिहिलेली लेन्स २४सारखी बघते आणि १८ लिहिलेली २७ ते २९सारखी. दोन मिलिमीटर ऐकायला नगण्य वाटतात. अरुंद गल्लीत तेवढ्यात एक अख्खं घर आत येतं.

केनियात वाघ नसले तरी सिंह-हत्ती बघायला निघाला असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ३००-४०० मिलिमीटर हवेतच. १८-३०० अशी एकच लांब पल्ल्याची लेन्स मिळते, सहाशे ग्रॅमच्या पुढची, आणि बदलाबदलीची कटकट वाचते. पण झूम पूर्ण ताणला की तिचं दार एफ/६.३ एवढंच उघडतं, म्हणजे ती उन्हातली लेन्स आहे.

डीएसएलआर घ्यावा की मिररलेस (बिनआरशाचा), हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ साली फुल फ्रेम मिररलेस आणले आणि तेव्हापासून नवं काम बहुतेक त्याच बाजूला चाललं आहे. नवा घेणार असाल तर मिररलेस. घरात चांगला डीएसएलआर पडून असेल तर तो टाकू नका. त्याला एक छोटी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्या. कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

कुंदा आणि दूध

कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवतो. जेपेग म्हणजे तयार कुंदा: खोकं उघडा, वाढा. रॉ म्हणजे दूध. घोटायला वेळ आणि हात लागतो, पण साखर किती, किती आटवायचं, हे तुमच्या मर्जीवर राहतं. बर्फावरचा चेहरा काळा पडला, चर्चची खिडकी पांढरी फटक आली, तर रॉमधून बरंच सावरता येतं. कॉम्प्युटरवर बसायची सवय नसेल तर जेपेग ठेवा, त्यात कमीपणा नाही. २४ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण १० एमबी धरला तर ६४ जीबीच्या कार्डात सहा हजार मावतात; रॉ दोन-अडीच हजार. एकच मोठं कार्ड घेण्यापेक्षा ६४ची दोन घ्या, आणि दुसरं दुसऱ्याच बॅगेत ठेवा.

विमान, थंडी, सोनेरी कागद

जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते. साध्या कॅमेऱ्याची बॅटरी बहुधा १६-१७च्या आतच असते, तेव्हा काळजी नको. टोकांना चिकटपट्टी लावा. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त पिन बदलावी लागते. युरोपात दोन गोल पिना, ब्रिटन आणि दुबईत तीन चौकोनी, अमेरिका-जपानात दोन चपट्या. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं आहे, त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांत बहुधा फोनचाच चार्जर चालतो.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखवर, ३४५४ मीटर उंचीवर, माझी भरलेली बॅटरी बघता बघता लाल झाली. एका सहप्रवाशानं ती काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगितली. दहा मिनिटांनी तीच पुन्हा चालली. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर ताकाच्या थंडगार तांब्यावर येतं तसं पाणी लेन्सवर आणि आतही धरतं. दुबईत याच्या उलट, एसीतून बाहेर येताना हेच होतं.

महाग कॅमेरा नेत असाल तर एक कागद सोन्यासारखा जपावा लागतो. देश सोडताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना 'हा तिकडून आणला' असा संशय आला तर तो दाखवता येतो. आपल्या बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून सध्या देशातलीच विमानं सुटतात, त्यामुळे हे काम गोवा, मुंबई किंवा बंगळूर, जिथून देश सोडाल तिथे करायचं. त्यासाठी तास-दीड तास हातात ठेवा. बिलाची प्रतही जवळ असू द्या.

फोटो कुठे काढायचा नाही हेही आधी विचारून घ्या. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये फोटोला बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत अनोळखी माणसाचा, विशेषतः बायकांचा, परवानगीशिवाय फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं. ड्रोनचे नियम तर देशागणिक वेगळे. इजिप्तसारख्या देशात तो बॅगेत सापडला तरी जप्त होतो. सहलीला ड्रोन नेऊच नका.

घेताना

एकदा मोठ्या शहरातल्या एका दुकानातून मी कच्च्या बिलावर लेन्स घेतली. थोडे पैसे वाचले. चार महिन्यांत तिची मोटर बंद पडली आणि वॉरंटी कार्ड दुसऱ्याच देशाचं निघालं. दुरुस्तीला वाचलेल्याच्या तिप्पट गेले. पक्कं बिल, भारतातली वॉरंटी, बिलावर सिरियल नंबर, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'दुबईला स्वस्त मिळतो' म्हणणाऱ्यांनीही वॉरंटी इथे चालते का, ते आधी बघावं; काही कंपन्यांची ती त्या-त्या देशापुरतीच असते.

जुना घ्यायचा तर आपल्या भागात एक तपासणी चुकवू नका. लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसरीकडून तिरकं बघा. आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, जांबोटी-कणकुंबीकडे तर कपडे वाळत नाहीत. कातडी पाकिटात, कपाटात ठेवलेली लेन्स श्रावणात हमखास बिघडते. माझी एक आवडती ५० मिलिमीटर अशीच गेली. आता माझं सगळं सामान झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह असतं आणि दर महिन्याला मी ते उजेडात काढतो.

वैनींसाठी आम्ही दोन कॅमेरे बाजूला काढले. एक एपीएस-सी, छोट्या लेन्ससह. दुसरा एक इंची सेन्सरचा खिशातला, ज्याची लेन्स २४ मिलिमीटरला एफ/१.८ उघडते आणि झूम केल्यावरही तिचं दार एफ/२.८पेक्षा बारीक होत नाही. रान तेराच्या जागी चारच गुंठे, पण दार मोठं. त्यांच्या गुडघ्यांना जड पिशवी सोसत नाही आणि लेन्स बदलणं त्यांना नको होतं. वसुबारसेच्या संध्याकाळी दोन्ही कॅमेरे कुणाकुणाकडून मागून आणले. अंगणात आकाशकंदील, ओट्यावर पणत्या, आणि आमच्या पुतण्याची दीड वर्षांची पोर पणतीकडे झेपावणारी. वैनींनी दोन्हींवर पंधरा-वीस फोटो काढले, मग चष्मा कपाळावर सरकवून पडद्यात डोकं घातलं. एपीएस-सीच्या त्या साध्या लेन्सवर पोरीचा हात पुसट आला होता. दुसऱ्यावर तिच्या बोटाला लागलेलं तेल चमकत होतं.

"हाच न्हेतो मी," वैनी म्हणाल्या, आणि पोरीला कडेवर घेऊन पणतीपासून लांब गेल्या.